डोंगरमाथ्यावरचा यजमान



गतवर्षी श्रावणात आपल्या नववीच्या वर्गाची सहल आंबोलीस गेली होती, हे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. धुके, रिमझिम पाऊस आणि कड्यावरून कोसळणारे पाणी पाहून सर्वांची मने प्रसन्न झाली होती. धबधब्याजवळच्या एका पत्र्याच्या निवाऱ्याखाली आपण जेवलो. जेवणे आटोपली, पावसाची सर थांबली, आणि मोटारीचा चालक कर्णा वाजवू लागला. खाऊच्या रिकाम्या पिशव्या, कागदी पेले, चटणीच्या पुड्या वाऱ्याबरोबर इतस्तत: पळत होत्या. मी ते पाहिले, पण घड्याळही पाहिले आणि म्हणाले, “चला, चला, उशीर होतो आहे!” इतक्यात डोईवर इरले घेतलेला एक वृद्ध गृहस्थ हातात गोणपाट घेऊन तेथे आला आणि एक शब्दही न बोलता आपला कचरा वेचू लागला. तेव्हा एका मुलीने मला विचारले, “बाई, हे उचलण्याचे काम कोणाचे?” मी चटकन उत्तर दिले, “पंचायतीचे असेल.” ती मुलगी गप्प बसली. मी मात्र घाट उतरून घरी येईपर्यंत स्वस्थ राहू शकले नाही. कारण मी दिलेले उत्तर ही केवळ पळवाट आहे, हे मला कळून चुकले होते.

त्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी मी तुम्हांला जरा दूर, अमेरिकेतील कोलोराडो राज्यातील एका उंच डोंगराळ उद्यानात नेणार आहे. तेथे हाच प्रश्न लोकांनी एका निराळ्या रीतीने सोडविला आहे. ती रीत मला उद्बोधक वाटली.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात उत्तर-दक्षिण पसरलेली ‘रॉकी’ नावाची प्रचंड पर्वतरांग तुम्ही भूगोलाच्या नकाशात पाहिली आहेच. या रांगेतील एक भाग ‘रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान’ म्हणून राखून ठेवलेला आहे. त्याच्या स्थापनेच्या कायद्यावर अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १९१५ साली, २६ जानेवारी रोजी सही केली. आपल्या प्रजासत्ताकदिनाचीच ही तारीख असल्याने ती लक्षात ठेवणे तुम्हांला जड जाऊ नये. या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १,०७५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे कमी आहे. ‘उद्यान’ म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांसमोर फुलझाडांचे वाफे आणि कारंजी येतात; तसले हे उद्यान नव्हे. येथे घनदाट सूचिपर्णी अरण्ये आहेत, हिमनद्यांनी कोरलेली सरोवरे आहेत आणि ज्यांवर झाडच उगवू शकत नाही अशी उघडी शिखरे आहेत. त्यांपैकी लाँग्ज पीक हे सर्वांत उंच शिखर १४,२५९ फूट आहे. अमेरिका खंडाचा जलविभाजक कणा या उद्यानातून जातो. एका उतारावर पडलेला पावसाचा थेंब पॅसिफिक महासागराच्या वाटेला लागतो, तर पलीकडच्या उतारावरचा अटलांटिकच्या. सुप्रसिद्ध कोलोराडो नदीचा उगमही याच परिसरातला.

उंचीची कल्पना यावी म्हणून एक तुलना करू. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट उंच आहे. या उद्यानात मोटारीने जाऊन मुक्काम करता येईल असे जे पाच तळ आहेत, त्यांतील सर्वांत खालचा, मोरेन पार्क नावाचा तळ, ८,१६० फुटांवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या दीडपट उंचीवर! लाँग्ज शिखराच्या पायथ्याचा तळ तर ९,४०० फुटांच्या घरात जातो.

आता ‘तळ’ म्हणजे काय? आपल्याकडे वारीच्या वाटेवर दिंड्यांचे तळ पडतात, लमाणांचे तांडे तळ देतात. तो शब्द मी येथे मुद्दाम योजिला आहे. झाडीत थोड्या थोड्या अंतरावर क्रमांक घातलेल्या जागा आखलेल्या असतात. प्रत्येक जागी तंबू ठोकण्यापुरती सपाट जमीन, एक लाकडी मेज व बाके, आणि शेकोटीसाठी जमिनीत बसविलेले लोखंडी कडे असते. शिवाय अन्न ठेवण्यासाठी भक्कम लोखंडी पेट्या, पाण्याचे नळ आणि शौचकूप ही सामाईक सोय. मोठ्या तळावर अशा दोनशेहून अधिक जागा आहेत. उन्हाळ्यात त्या सर्व भरतात, म्हणजे आपल्याकडील एका लहान खेड्याएवढी वस्ती तेथे रोज रात्री वसते आणि सकाळी पांगते. या खेड्याला ना पाटील, ना कोतवाल. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही आणि उद्या कोणी कोणाला भेटणारही नाही. ज्याला कोणी ओळखत नाही असा मनुष्य किती बेफिकीर होऊ शकतो, हे आपण आंबोलीस स्वत:च्या उदाहरणाने सिद्ध केलेच आहे.

उद्यानाची व्यवस्था सरकारच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. ही संस्था १९१६ साली स्थापन झाली. तिच्या गणवेशधारी अधिकाऱ्यांना रेंजर म्हणतात. परंतु वर्षास चाळीस लाखांच्या आसपास लोक जेथे येतात, तेथे मूठभर रेंजर कोठे कोठे पुरे पडणार? म्हणून १९७० साली अमेरिकेत एक कायदा झाला. त्याने सामान्य नागरिकांना राष्ट्रीय उद्यानांत विनावेतन सेवा करण्याची वाट खुली करून दिली. या स्वयंसेवकांतील एक वर्ग म्हणजे ‘कॅम्पग्राउंड होस्ट’, अर्थात तळाचा यजमान.

हा यजमान कोण असतो? पुष्कळदा निवृत्त झालेला गृहस्थ, किंवा पती-पत्नीचे जोडपे. कोणी आयुष्यभर शाळेत शिकविलेले असते, कोणी रुग्णालयात काम केलेले, कोणी यंत्रशाळेत घाम गाळलेला. हिवाळ्यातच ते अर्ज करतात. पूर्वचारित्र्याची चौकशी होते, निवड झाली की थोडेसे शिक्षण दिले जाते. मग बर्फ वितळून तळ उघडण्याच्या सुमारास ते आपले चाकांवरचे घर घेऊन डोंगरावर हजर होतात. हे मोटारघर म्हणजे आत स्वयंपाकघर, शेज, न्हाणी असलेली मोटारच असते. आठवड्यास सामान्यत: तीस तासांच्या आसपास काम करावयाचे, ते कित्येक आठवडे किंवा सबंध हंगामभर. त्याबद्दल पगार मिळत नाही. मिळते ती तळावर राहावयास फुकट जागा, आणि बहुधा तिच्यासाठी पाणी व वीज. काम करताना इजा झाली तर सरकारी नोकराप्रमाणे त्याच्या उपचाराची जबाबदारी कायद्याने घेतलेली आहे. आणि ज्याच्या सेवेचे अडीचशे तास भरतात, त्यास देशातील राष्ट्रीय उद्यानांत वर्षभर विनामूल्य प्रवेश देणारे पत्र मिळते. वर्षभर जंगल पाहण्याची परवानगी हे बक्षीस ज्याला बक्षीस वाटते, त्यानेच हे काम करावे, अशी ही साधी योजना आहे.

आता या यजमानाचे काम समजून घेण्यापूर्वी त्या उंचीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. कारण अर्धे काम त्या स्वभावातूनच निर्माण होते.

समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो, तो साडेआठ हजार फुटांवर सुमारे ७३ टक्केच उरतो. हवा विरळ, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही तितकाच कमी. आदल्या दिवशी समुद्रकाठच्या शहरातून विमानाने निघालेला मनुष्य दुसऱ्या दिवशी सायंकाळी येथे तंबू ठोकू लागला, की त्याला धाप लागते, डोके दुखते, मळमळते, झोप येत नाही. अशा वेळी यजमान सांगतो, आज चढावयास जाऊ नका, पाणी भरपूर प्या, विश्रांती घ्या. आणि एवढ्यानेही त्रास वाढत असेल तर हट्ट न करता खाली उतरा. उंचीच्या आजारावर खाली उतरण्यासारखे रामबाण औषध नाही.

दाब कमी असल्याचा दुसरा परिणाम तुम्ही पदार्थविज्ञानात शिकला आहात. पाणी तेथे १०० अंशांवर नव्हे, सुमारे ९१ अंशांवरच उकळू लागते. भांड्यात पाणी खळखळत असते, पण त्यातील डाळ काही केल्या शिजत नाही. कितीही जाळ केला तरी उघड्या भांड्यातील पाणी त्यापेक्षा अधिक तापत नाही. ते नुसते आटते. दाबाचे भांडे, ज्याला आपण कुकर म्हणतो, ते वापरले तरच काम भागते. म्हणून भुकेलेला पाहुणा यजमानाच्या दाराशी येऊन “तासभर झाला, अजून कच्चेच!” अशी तक्रार करतो, तेव्हा यजमानाला विज्ञानाचा शिक्षक व्हावे लागते.

तिसरी गोष्ट उन्हाची. दर हजार मीटर चढल्यावर सूर्याचे अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. हवा गार असल्याने मनुष्य बेसावध राहतो आणि कातडी होरपळते. आणि सूर्य मावळला की तीच हवा ऊब धरून ठेवीत नाही. भर उन्हाळ्यातही रात्री दात वाजतात.

चौथी, आणि सर्वांत भयंकर गोष्ट विजेची. जुलै-ऑगस्टात येथे बहुधा दुपारी ढग जमतात आणि वादळी पाऊस होतो. सुमारे ११,४०० फुटांवर वृक्षरेषा संपते. त्यापलीकडच्या उघड्या पठारावर उभा राहिलेला मनुष्य हाच तेथला सर्वांत उंच खांब ठरतो. १९१५ साली राखलेल्या या निसर्गरम्य प्रदेशात २०१४ च्या जुलै महिन्यात लागोपाठ दोन दिवस वीज पडून दोन प्रवासी मृत्यू पावले. म्हणूनच सकाळी गिर्यारोहणास निघालेल्या प्रत्येकाला यजमान हसतमुखाने, पण न चुकता बजावतो की, दुपार होण्याच्या आत वृक्षरेषेखाली परत या.

अशा जागी यजमानाचा दिवस पहाटेच सुरू होतो. तो तळावरून पायी फेरी मारतो. कोणत्या जागा आज रिकाम्या व्हावयाच्या, कोणत्या भरावयाच्या, त्याची यादी पाहतो. पाहुणे गेले की त्या जागेचा केरकचरा वेचतो, शेकोटीच्या कड्यातील राख व अर्धवट जळलेले डबे काढतो, मेज पुसतो. गरज पडली तर शौचकूपही झाडतो. मधूनमधून शंभर प्रश्नांना उत्तरे देतो. अमुक सरोवर किती दूर? येथे मासे मिळतात का? मुलाला पायात काटा रुतला आहे, चिमटा आहे का? तो वैद्य नव्हे, पोलीस नव्हे, की मार्गदर्शकही नव्हे. पण रेंजरशी बोलण्याचे बिनतारी यंत्र त्याच्याजवळ असते, आणि संकटकाळी पहिली हाक त्याच्याच दाराशी येते.

सायंकाळी नवे पाहुणे येतात. त्यांना तो पहिली गोष्ट दाखवितो ती लोखंडी पेटी. या अरण्यात काळी अस्वले आहेत. अस्वलाचे नाक विलक्षण तीक्ष्ण असते. खाद्यपदार्थच नव्हेत, तर साबण, दंतमंजन, खोबरेल यांचाही वास त्याला बोलावून आणतो. पेटीत न ठेवता तंबूत ठेवलेला पाव एकदा अस्वलाने चाखला, की माणसाची वस्ती म्हणजे सुग्रास भोजन, हा धडा ते कायमचे शिकते. मग ते निर्धास्तपणे तंबू फाडू लागते, आणि शेवटी माणसांच्या रक्षणासाठी त्या अस्वलालाच ठार करण्याची पाळी येते. चूक माणसाची, शिक्षा मुक्या प्राण्याला! आंबोलीच्या घाटात गाड्या थांबवून माकडांना शेंगदाणे फेकणाऱ्यांनी याचा विचार करावा. आपण भूतदया करीत नसून त्या जनावराला चोर बनवीत असतो.

सप्टेंबरच्या मध्यापासून येथे एल्क नावाच्या मोठ्या सांबरांचा माजाचा काळ सुरू होतो, आणि नराच्या शीळेसारख्या हाकेने सारी दरी दुमदुमते. बेसुमार शिकारीमुळे येथील एल्क जवळजवळ नामशेष झाले होते. १९१३ व १९१४ साली यलोस्टोनकडून काही एल्क आणून सोडले, त्यांतून आजचे कळप वाढले. ते तळावरही निर्भयपणे चरतात. निदान ७५ फूट दूर राहावे असा नियम आहे. पण छायाचित्राच्या मोहाने लोक जवळ जातात, आणि तेथेही यजमानालाच सौम्य शब्दांनी त्यांना मागे आणावे लागते. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांततेची वेळ. गाणीबजावणी बंद, मोठ्याने बोलणे बंद. त्या शांततेत वाऱ्याचा आणि ओढ्याचा आवाज ऐकू यावा, हाही तेथे आलेल्या प्रत्येक माणसाचा हक्क मानलेला आहे.

निजण्यापूर्वी यजमान शेवटची फेरी मारतो ती शेकोट्यांसाठी. शेकोटी विझली असे वाटणे आणि ती विझणे, यांत फार अंतर आहे. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे आणि हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन पाहावी. ऊब लागली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. तुम्हांला हा अतिरेक वाटेल. म्हणून पुढील हकीगत ऐका. २०१२ च्या ऑक्टोबरात याच उद्यानात फर्न सरोवराजवळ कोणी तरी मनाईच्या जागी शेकोटी पेटविली. तिच्यातून वणवा लागला. दरी इतकी अवघड आणि वारे इतके जोरदार, की तो विझविता येईना. हिवाळा लागला तरी तो धुमसतच राहिला, आणि डिसेंबरच्या पहिल्या दिवशी वादळी वाऱ्याने अवघ्या पस्तीस मिनिटांत तीन मैल धावत मोरेन पार्कच्या दिशेने आला. सुमारे साडेतीन हजार एकर रान त्यात जळाले. एका माणसाची एका रात्रीची ऊब, आणि साडेतीन हजार एकरांची राख!

पुढे २०२० साली तर याहून भीषण प्रसंग आला. ‘ईस्ट ट्रबलसम’ नावाच्या वणव्याने ऑक्टोबरात एका दिवसात लाखाहून अधिक एकर गिळले आणि उद्यानातील उघडी, झाडे नसलेली शिखररांगही ठिणग्यांच्या रूपाने ओलांडली. उद्यानालगतचे एस्टेस पार्क हे गाव रिकामे करावे लागले. या वणव्यांना इतके बळ कोठून आले? त्याच्या अनेक कारणांत दुष्काळ व वाढती उष्णता ही आहेत, आणि आणखी एक कारण तांदळाच्या दाण्याएवढे आहे. पाइन वृक्षाच्या सालीत शिरणारा एक काळा भुंगेरा तेथे पूर्वापार आहे. निरोगी झाड राळ सोडून त्याला बाहेर ढकलते, आणि हिवाळ्यातील कडक थंडी त्याच्या अळ्या मारते. परंतु १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हिवाळे पुरेसे कडक पडेनात आणि अवर्षणाने झाडे दुबळी झाली. त्यामुळे भुंगेऱ्यांचे फावले आणि लक्षावधी एकरांवरील झाडे उभ्या उभ्या वाळली. उद्यानाच्या पश्चिम अंगास टिंबर क्रीक नावाचा ८,९०० फुटांवरील तळ आहे. ‘टिंबर’ म्हणजे इमारती लाकूड. पण तेथील मेलेली झाडे तोडून टाकावी लागल्याने नावात वृक्ष असलेल्या या तळावर आज सावली नाही. दूरच्या गावाहून जळाऊ लाकूड आणू नका, असे यजमान सांगतो, ते याचकरिता. कोणत्या ओंडक्यातून कोणती कीड प्रवास करील याचा नेम नसतो.

आता या कामातील सर्वांत अवघड भागाकडे वळते. या यजमानाला दंड करण्याचा अधिकार नाही, पकडण्याचा नाही, दटावण्याचाही नाही. त्याच्या हाती केवळ शब्द असतो. रात्री अकरा वाजता मोठ्याने गाणाऱ्या दहा तरुणांपुढे एकटे जाऊन, त्यांचा आनंद न मोडता, त्यांना गप्प करावयाचे आहे. येथे क्रोध कामास येत नाही. आणि लाचारीही नाही. “तुमच्या शेजारी लहान मूल निजले आहे” एवढे वाक्य बहुधा पुरते. त्याने भागले नाही, तरच रेंजरला बोलवावयाचे.

आमच्या घरी कोंकणी बोलतात. कोंकणीत पाहुण्याला ‘सोयरो’ म्हणतात. मराठीत सोयरा म्हणजे लग्नसंबंधाने जोडलेला नातलग. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत मला मोठी मौज वाटते: घरी आलेला परका मनुष्य, आपण त्याला पाट मांडून दिला की नातलगच होतो! आणि ‘यजमान’ हा शब्द तर मूळचा यज्ञाचा. जो यज्ञ करवितो, त्याचा खर्च सोसतो, तो यजमान. तळावरचा तो निवृत्त गृहस्थ या दोन्ही शब्दांना जागतो. त्याचे पाहुणे एका रात्रीचे सोयरे, आणि त्याच्या यज्ञातील समिधा म्हणजे त्याचा स्वत:चा वेळ.

या डोंगराचे मूळ यजमान मात्र निराळेच होते, हे विसरून चालणार नाही. यूट आणि अरापाहो जमातींचे लोक पिढ्यानुपिढ्या उन्हाळ्यात या दऱ्यांत येत. डोंगरमाथ्यावरची त्यांची पायवाट आजच्या मोटाररस्त्याच्या जवळूनच जाते. ते हुसकले गेल्यावर, उद्यान होण्याच्या एक वर्ष आधी, म्हणजे १९१४ साली, दोन वृद्ध अरापाहो पुरुषांना मुद्दाम बोलावून आणून, घोड्यांवरून या प्रदेशात हिंडवून, त्यांच्याकडून जागांची जुनी नावे विचारून घेण्यात आली. टिंबर क्रीक ज्या दरीत आहे तिचे ‘कवुनीची’ हे नाव त्यांच्याच भाषेतले. त्याचा संबंध कोल्ह्याच्या जातीच्या कायोटी या प्राण्याशी आहे. घर दुसऱ्याचे झाले, नावे तेवढी राहिली.

आणि ज्याच्या लेखांनी व व्याख्यानांनी हे उद्यान अस्तित्वात आले, तो एनॉस मिल्स (१८७० ते १९२२) हाही एका अर्थाने यजमानच होता. लाँग्ज शिखराच्या पायथ्याशी तो प्रवाशांसाठी उतारशाळा चालवी, त्यांना शिखरावर नेई आणि वाटेत झाडे, पक्षी, बीव्हरची घरटी दाखवीत असे. पाहुण्याला नुसते जेवू घालू नये, त्याला पाहावयास शिकवावे, असा त्याचा कटाक्ष होता.

कोणी शंका घेईल की, सरकारने करावयाचे काम फुकट करून घेणे कितपत न्याय्य? शंका रास्त आहे. ज्याच्यापाशी निवृत्तिवेतन आहे, चाकांवरचे घर आहे, त्यालाच अशी सेवा परवडते. रोज कमावून खाणाऱ्याला नाही. स्वयंसेवक आहेत म्हणून पगारी माणसे कमी करणे हे तर सेवेचे सोंगच होय. परंतु एक गोष्ट विकत मिळत नाही. पगारी माणूस कचरा उचलील. पण ही जागा माझी आहे आणि तुम्ही माझे पाहुणे आहात, ही भावना पगाराने उत्पन्न होत नाही. संत गाडगे महाराज कीर्तनापूर्वी हातात खराटा घेऊन गाव झाडीत, तेव्हा गावाला झाडूवाला मिळाला म्हणून लोक आनंदले नाहीत. लाजले, आणि त्यांनीही खराटे हाती घेतले. हा फरक आहे.

तो आंबोलीचा वृद्ध गृहस्थ पगारी असेल अशी माझी समजूत होती. यंदा पावसाळ्यापूर्वी मी पुन्हा तेथे गेले, तेव्हा त्याला शोधून काढले. त्याचे धबधब्याजवळ चहाचे छोटे दुकान आहे. कोणीही त्याला ते काम सांगितलेले नाही. त्याची एक म्हैस प्लास्टिकच्या पिशव्या खाऊन मेली, तेव्हापासून तो गोणपाट घेऊन फिरतो. मी म्हणाले, “गेल्या वर्षीचा कचरा आमच्या मुलांचा होता. क्षमा असावी.” तो हसून म्हणाला, “बाई, मुलं परत आणा. पाऊस यंदा चांगला आहे.” त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हा, मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: ते काम ज्याने कचरा केला त्याचे, तो गेला असेल तर ज्याने पाहिला त्याचे, आणि त्या दिवशी पाहणारी मी होते. यंदाच्या सहलीत प्रत्येक तुकडीतून दोन विद्यार्थी यजमान म्हणून नेमावयाचे ठरविले आहे. त्यांनी सर्वांच्या आधी उतरावयाचे आणि सर्वांच्या शेवटी चढावयाचे. त्यांच्या हाती शिट्टी असणार नाही, छडी असणार नाही. फक्त एक गोणपाट आणि दोन गोड शब्द. पहिल्या जोडीत कोणाचे नाव घालावे, असा प्रश्न वर्गात निघाला, तेव्हा एक नाव मी स्वत:च फळ्यावर लिहिले. दुसऱ्या नावाची जागा अद्याप रिकामी आहे.